भुशाचा लाडू

आठवीच्या पहिल्याच दिवशी विज्ञानाचे सोनकांबळे सर प्रत्येकाच्या हातात बाभळीची एकेक ढलपी देत आणि म्हणत, "चावा. गिळलं तर बापाला बोलवीन." आम्ही तासभर चावत बसायचो. मग ते खेकसायचे, "लागली ना भूक? लागणारच. पोटाला विचारलं का?" हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत, स्टँडवर भजी खाताना, कुठंही मागून हा प्रश्न आदळायचा आणि घास घशातच अडकायचा.

लाकूड पचत नाही याचा त्यांना जन्माचा राग होता. कडब्यात आणि लाकडात खायचा माल एकच, पण लाकडात तो चिवट गिलाव्यात असा लिंपलेला की गाईच्या पोटातले जंतू तिथवर पोचतच नाहीत, हे ते भांडल्यासारखं सांगत. त्यांच्या चौकटीला वाळवी लागली तेव्हा शेजारधर्म म्हणून माझी आई रॉकेल घेऊन धावली, तर तिलाच ओरडले. "वाळवीच्या पोटात लाकूड पचवणारे भाडेकरू हायत, म्हणून तिला जमतंय. तुम्हाला जमतंय का?" बायको गेल्यावर तर त्यांच्या रागाला धरबंद राहिला नाही. घरात ते आणि बायकोनं वासरापासून वाढवलेली तांबडी गाय, एवढेच उरले.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आता सगळं जवळ येणार म्हणून आम्ही अहमदपुरात पेढे वाटले, आणि आधी आला तो दुष्काळ. जनावरांची छावणी निघाली. सरांनीही तांबडीला तिथं बांधलं. छावणी चालवणाऱ्या पुढाऱ्यानं काय करावं? कडबा वाचवायला त्यात लाकूडमिलचा भुसा कालवला, वर गुळाचं पाणी. त्या माणसाची मला अजून चीड येते.

सरांनी त्याच भुशाचा गूळ घालून लाडू वळला आणि छावणी बघायला आलेल्या पाहुण्यांदेखत पुढाऱ्यापुढं ठेवला.

"घ्या."

"सर, जनावरं आवडीनं खायलेत की."

"गोड हाय म्हणून खायलेत. पोटाला विचारलं का? भरल्या पोटी उपाशी मरतील ती."

पुढाऱ्याच्या माणसांनी सरांना धरून बाहेर काढलं. सर तांबडीला सोडून घरी घेऊन आले. छपराचं गवत उपसून तिला घातलं. मग तेही संपलं.

एका दुपारी आईनं दिलेली भाकरी घेऊन मी गेलो. सरांचं ओरडणं ऐकू येईना, त्याचीच भीती वाटली. तांबडी गोठ्यात बसली होती, तिला उठवत नव्हतं. सर तिच्यापुढं मांडी घालून बसले होते. घमेल्यात गुळाच्या पाण्यात कालवलेला भुसा होता आणि ते एकेक घास तिच्या तोंडात देत होते.

माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"सकाळपासनं हंबरायली," ते म्हणाले. "पोट भरल्यासारखं तरी वाटू दे."

मग तिच्या मानेवरून हात फिरवत, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "यात काई न्हाई, बाई. मला ठाव हाय. खा."