अंड्यातलं हृदय थांबेपर्यंत

फोडलेल्या अंड्यातलं हृदय थांबेपर्यंत इंगोले सर प्रयोगशाळेचं दार उघडत नसत. आतून कडी लावून दाराशीच स्टूल टाकून बसायचे. मला त्या माणसाची भयंकर चीड यायची.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो. प्रयोग इंगोले सर घ्यायचे. कागदोपत्री मी त्यांचा वरिष्ठ, पण कागद त्यांनी कधी वाचला नाही.

तीन दिवस उबवलेलं अंडं बशीत कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचं, पिल्लाच्या रक्तवाहिन्या भिंगाखाली बघायच्या आणि चित्र काढायचं, एवढंच काम. पण कुणी आधी लाल रंग भरला की सर वही भिरकावत.

"आंधी नळीची भित काढ नं बे! त्या भितीतल्याच पेशी सुटतात अन् त्याईचंच रक्त होते. घर नाई, तं लेकरू कोठून?"

एकदा शिपाई हरीभाऊनं पोल्ट्रीची अंडी आणली. तीन दिवस उबवूनही आत नुसतं पिवळं. सर कडाडले, "आनताना कोंबडा पाह्यला होता काय?" त्यानंतर ते स्वतः सायकलवर खेड्यात जात, आधी कोंबडा बघत, मगच अंडी घेत.

एका शनिवारी सगळ्यांची चित्रं झाली, पण एका बशीतलं हृदय काही थांबेना. माझी वडनेरची शेवटची एसटी सुटायला आली होती. माझं डोकं फिरलं.

"सर, दार उघडा! एका अंड्यापायी वर्ग कोंडलाय तुम्ही!"

"चालू हाये अजून."

"मग फेकून देतो!" मी बशी उचलली. त्यांनी दारापासून उठून येऊन माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"माही सुमी आठ वर्साची होती. अंगात रक्तच बनत नव्हतं तिच्या. बाटल्या चढवल्या, माह्यंबी रक्त देल्लं. डॉक्टर म्हने, आज काई नाई होत, जा. मी इथं प्रॅक्टिकल घ्याले आलतो. परत गेलो तं खाट रिकामी. तिची माय तं आंधीच गेलती. लेकराजवळ कोनीच नव्हतं."

इतका वेळ ज्याच्यावर चिडलो होतो तो माणूस हाच का, तेच मला कळेना. आता माझाच मला राग आला. मी बशी जपून खाली ठेवली, कडी काढून पोरांना सोडलं आणि कडी पुन्हा लावली.

एसटी गेली असणार. सरांनी स्टूल बशीशी ओढून भिंगाला डोळा लावला होता.

"पानी थंडं होऊन राह्यलं. कोमट आना जरा."

मी स्टोव्ह पेटवला.