एकेचाळीस बोटी, तीन कॉम्प्युटर

सकाळी साडेनऊला नलूने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि कॉम्प्युटरने तिला ओळखच दाखवली नाही. या कॉम्प्युटरवर काम करायची तुम्हाला परवानगी नाही, असं पडद्यावर आलं. आगरदांड्याजवळच्या त्या मच्छीमार संस्थेत नलू बावीस वर्षं काउंटरवर बसत होती. परवानगी नाही, असं तिला आजवर चेअरमनसुद्धा म्हणाले नव्हते.

त्यात पावसाळ्याची बंदी नुकतीच उठलेली. एकेचाळीस बोटी बर्फ भरून धक्क्याला लागलेल्या, आणि संस्थेची छापील चिठ्ठी दाखवल्याशिवाय पंपावर डिझेल मिळत नव्हतं. साडेतीनच्या भरतीला निघायचं. ती चुकली, की बोटी गाळात आणि बर्फाचं पाणी.

नलूने हर्षदला हाक मारली. हर्षद संस्थेचा कॉम्प्युटरवाला, पनवेलहून नवा आलेला, हुशार आणि नेटका. झालं होतं ते असं. गेल्या महिन्यात कुणीतरी चेअरमन रावजींच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बसून बारशाची पत्रिका केली आणि काउंटरवर तिच्या दोनशे प्रती छापल्या. रावजी खवळले. ज्याने त्याने आपल्याच कॉम्प्युटरवर बसायचं, दुसरीकडे नाव टाकलं तर उघडताच कामा नये, असा हुकूम निघाला. हर्षदने पडद्यांवर चिकटवलेले आकडे बघून यादी केली. रावजी एक नंबरवर, नलू दोनवर, तो स्वतः चारवर. काल संध्याकाळी यादी लागू करून तो समाधानाने घरी गेला.

घोळ एवढाच, की आकडे पडद्यांवर होते आणि कुलूप बसलं होतं टेबलाखालच्या डब्यांना. बंदीत ऑफिसला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्यांनी पडदे आणि डबे वेगवेगळे रचून ठेवले आणि नंतर हाताला येतील तसे जोडले होते.

आत्ता दुरुस्त करतो, म्हणून हर्षद आपल्या जागेवर बसला. त्यालाही परवानगी नव्हती. त्याच्या टेबलाखाली तीन नंबरचा डबा जोडलेला होता; चार नंबरचा आठवड्यापूर्वी दुरुस्तीला पनवेलला गेला होता आणि तिथे उघडा पडला होता. यादी बदलायचा अधिकार फक्त हर्षदला, आणि हर्षदला बसायची जागा फक्त पनवेलला. हे त्याने नलूला बोटांवर मोजून समजावलं.

काउंटरपुढे बोटींचे तांडेल जमू लागले. सगळ्यांत पुढे नामा होता. "नलूताय," तो शांतपणे म्हणाला, "बर्फ काय मशिनीसाटी थांबनार न्हाय."

हर्षदचं सगळं बोलणं नलूला कळलं नव्हतं. आपलं नाव कुठल्यातरी डब्यात आहे, एवढं मात्र कळलं. ती उठून थेट केबिनमध्ये गेली. रावजी पाचव्यांदा पासवर्ड टाकत होते. नलूने त्यांच्या बाजूला उभ्या उभ्याच आपलं नाव टाकलं. कॉम्प्युटर उघडला.

"आता मला बसायला लागंल," ती म्हणाली.

रावजींनी आपल्या खुर्चीकडे बघितलं, खिडकीतून धक्क्यावरच्या गर्दीकडे बघितलं, आणि ते उठले.

पण प्रिंटर जोडलेला होता काउंटरवरच्या डब्याला, आणि तो डबा रावजींशिवाय कुणाच्याच नावाला उघडेना. म्हणजे चिठ्ठी करणार नलू, आणि ती छापून, शिक्का मारून हातात देणार खुद्द चेअरमन. रावजी नऊ वर्षांत काउंटरमागे उभे राहिले नव्हते. पहिला शिक्का उलटा पडला. दुसरी चिठ्ठी प्रिंटरात अडकली. चिठ्ठी घेणारा प्रत्येक तांडेल जाता जाता एक तक्रार ठेवून जात होता. कुणाला धक्क्यावर दिवा हवा होता, कुणाला पाण्याचा नळ. रावजी मान डोलावून पुढची चिठ्ठी ओढत होते.

आत एसी चालू होता. चहावाल्याने सवयीने वेलचीचा चहा केबिनमध्ये नेऊन ठेवला आणि नलूने तो प्यायला. बोटीचं नाव ऐकलं की नंबर तिला तोंडपाठ. तासाभरात तिचा हात असा बसला, की बाहेरून रावजींचा निरोप आला.

"नलूताई, जरा दमानं. शिक्का मागं पडतोय."

सव्वातीनला एकेचाळिसावी चिठ्ठी गेली. भरतीवर बोटी एकामागून एक खाडीबाहेर पडल्या आणि सगळ्यांनी भोंगे वाजवले. नलू खिडकीशी उभी राहून शेवटची बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

तिसऱ्या दिवशी पनवेलहून डबा आला. आता कुणाला कुठे बसवू, असं हर्षदने भीत भीत विचारलं. दोन महिन्यांवर संस्थेची निवडणूक होती, आणि नऊ वर्षांत भेटले नव्हते तेवढे तांडेल रावजींना एका दिवसात भेटले होते. आहे तसंच राहू दे, ते म्हणाले; पत्रिका छापायची असली तर मात्र आधी मला विचारा.

त्याच दुपारी पहिली बोट परतली. नामा दोन मोठे सरंगे शेपटीला धरून आत आला. रावजींनी हसून काउंटरवरून हात पुढे केला.

"तुमचं न्हाय, चेअरमन," नामा म्हणाला. "केबिनमदल्या बाईचं हाय."

रावजींनी हात मागे घेतला, काउंटरमागून बाहेर आले आणि त्याच्यासाठी केबिनचं दार उघडून धरलं.