आण्णांची उभी गाडी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आष्ट्यात, आमच्या शेजारच्या दिनकरआण्णांच्या अंगणात, उभ्या गाडीचं इंजिन फुटलं. कोणाला इजा झाली नाही. म्हैस दावं तोडून पळाली. ती दुपारी उसात सापडली.

गाडी आण्णांच्या मुलाची, महेशची. लाल, दोन दारांची, शर्यतीच्या जातीची. परदेशी नोकरीला जाताना त्यानं ती वडिलांकडे ठेवली. गल्लीतल्या गतिरोधकाला तिचं पोट घासतं, म्हणून ती अंगणाबाहेर कधी पडली नाही. आण्णा तिच्यावर घोंगडं घालत आणि दर रविवारी ती उभ्या उभ्या रेस करत. काकू गेल्यापासून घरात माणूस एक. आवाज मात्र वरातीचा.

मी एकदा सांगून पाहिलं. "आण्णा, फेऱ्यांचा काटा लाल खुणेपुढं नेऊ नका. इंजिन तुटेल."

"ट्रॅक्टर दिसभर उभ्यानं मळणी काढतोय, त्याला कुठं काय हुतंय? तुमी पेपरवाली माणसं लय भित्री, बापू."

ट्रॅक्टरचं इंजिन संथ फिरतं. हे हलकं, ओझं नसलं की क्षणात हाताबाहेर जातं, असं मी समजावलं. "व्हय, व्हय," म्हणत त्यांनी चहा दिला. काटा लालमध्ये गेला की इंजिन आवरणारी सोय गाडीत होती. ती महेशनंच हौसेनं काढून टाकली होती.

त्या रविवारी मी अंगणातच होतो. आण्णांनी फोन स्पीकरवर ठेवून खिडकीबाहेर धरला होता. महेश आठवड्यातून एकदा फोन करायचा, गाडीचा आवाज ऐकायला. एकदा जोरात रेस करून आण्णांनी पाय उचलला.

"बास आण्णा, ऐकलं. ठेवतो."

"थांब की रं. आजून कुठं ऐकलंस?"

काटा लालमध्ये जाऊन आला.

"आण्णा, सोडा आता. फुटंल ती," फोनमधून महेश ओरडला.

"मग फोन ठिवू नगंस."

त्यांनी पुन्हा पाय दाबला. लोखंड फुटल्याचा आवाज झाला आणि गाडीखाली तेल पसरलं. सांगलीहून आलेल्या मिस्त्रीनं सांगितलं, कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाला भोक पाडून बाहेर आलाय, दुरुस्ती नाही.

आठवडाभर आण्णा ओट्यावर बसून होते. "आता कशाला करंल त्यो फोन," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी फोन वाजला. मी समोर होतो.

"आण्णा, जेवलासा का?"

आण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग वांग्याच्या भाजीपासून सुरुवात केली. मी घरी गेलो तेव्हा ते अजून भाजीवरच होते.