सुभेदाराचं जेवण

माधवनगरात आमच्या शेजारी बिरूतात्या राहतात. त्यांच्या घरी चिकन शिजलं, की कांदा, लसूण, मीठ, मसाला पडण्याआधी एक वाटी बाजूला निघते. तात्या त्यातली हाडं बोटांनी चाचपून काढतात, वर ताटली झाकतात आणि मगच माणसांच्या फोडणीला परवानगी देतात. वाटी मांजराची. मांजराचं नाव सुभेदार. तात्या स्वतः लष्करातून नाईक म्हणून निवृत्त झाले. घरात मांजराचा हुद्दा त्यांच्या वरचा आहे.

तात्या मूळचे आटपाडीकडचे. वडील मेंढरं राखायचे. तात्या लष्करात भरती झाले ते लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात. नोकरीभर मोठमोठ्या पातेल्यांत डाव फिरवला. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले, तेव्हा हे मांजर परसात येऊन बसलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना एकदा समजावलं होतं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट मांजराला घातक. उकडलेलं अंडं, बिनहाडाचं चिकन, लाल भोपळा, थोडा मऊ भात चालतो, पण सगळं बिनमिठाचं. डॉक्टर ते विसरलेही असतील. तात्यांनी मात्र त्या दिवसापासून जगाचे दोन भाग केले: ‘चालतंय’ आणि ‘चालत न्हाई’.

आमच्या द्राक्ष-बेदाण्यांच्या सांगली जिल्ह्यात हे पाळणं अवघड. तासगावचे व्याही पेटीभर बेदाणे घेऊन आले. तात्यांनी ते आदराने घेतले आणि बायकोच्या दागिन्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. व्याही भारावले. म्हणाले, "लयच कदर केली तुमी."

"कदर कसली? सुभेदाराला दारूगोळा हाय ह्यो."

भडंगात लसूण असतो, म्हणून भडंग खाणाऱ्याने गच्चीवर जायचं. महाबळेश्वरहून कुणी आणलेली स्ट्रॉबेरी ‘चालतंय’मध्ये बसली. सुभेदाराने ती हुंगली आणि पाठ फिरवली. तात्यांना त्याचं कौतुकच वाटलं. "ऑफिसर लोकांचं असंच असतंय."

भाचीच्या लग्नात ते पंगतीला बसले. वाढपी एकेक पदार्थ घेऊन येत होता.

"चालत न्हाई," तात्या म्हणायचे आणि वाढून घ्यायचे. "हेबी चालत न्हाई. भात चालतोय."

"शुगर हाय काय, तात्या?"

"मला काय धाड भरलीय? सुभेदाराचं सांगतोय."

वाढप्याने पंगतीवर नजर टाकली. "कुठं बसल्यात सुभेदार?"

"घरी."

गल्लीला या सगळ्याचं हसू येई. इंदूकाकी आजारी पडल्या आणि ते थांबलं.

इंदूकाकी तात्यांच्या पत्नी. रक्तदाब वाढला, पायांना सूज आली. दवाखान्यातून परतल्या त्या मीठ बंद करून. काकींच्या हातचं कालवण गल्लीत तिखट-मिठासाठी नावाजलेलं. बिनमिठाची भाजी त्यांनी जिभेला लावली आणि ताट सरकवलं. "रोग्याचं खानं मी खायाची न्हाई." जेवण दोन घासांवर आलं, मग नुसत्या चहावर. साडी अंगावर सैल दिसू लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पोटात अन्नच गेलं नाही तर औषध एकटं काय करणार?

याच सुमारास सुभेदाराची वाटी जाऊन तिथे पातेलं आलं. तात्या सकाळपासून त्या पातेल्यापाशी. समोरच्या सखूआत्यांना राहवलं नाही. त्या दारातून ओरडल्या, "बायकू वाळून चाललीया आन् ह्यो गडी मांजराला भोपळा उकडतोय! जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा!"

"भोपळा चालतोय," तात्या म्हणाले आणि आत गेले.

एका दुपारी मी काकींची विचारपूस करायला गेलो. काकी पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात थाळी भरून चिकन, भोपळा, भात. समोर तात्या हात मागे बांधून ताठ उभे.

"लंगरात सायबानं चाखल्याबिगर जवानाला वाढत न्हाईत," त्यांनी मला समजावलं. "हितंबी त्योच कायदा." मग काकींना म्हणाले, "मीठ लागतंय?"

"न्हाई."

"एका घासात काय कळतंय? तळाचं बघ."

काकींनी तळाचं पाहिलं.

"कांद्याचा वास?"

"न्हाई वं."

"भोपळ्याच्या अंगानं बघ. मानसाचं असतं तर सोडून दिलं असतं. मुकं जनावर हाय, त्याला सांगता येत न्हाई."

काकींनी भोपळा तपासला. भात तपासला. तपासणी संपली तेव्हा थाळीत चिमटीभर उरलं होतं. तात्या समाधानाने सुभेदाराला शोधायला परसात गेले.

काकींनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काय बघताय? मला कळत न्हाई व्हय? एवढ्यात चार मांजरं जेवून ढेकर देतील."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? ह्यांनी सगळी पलटन जेवू घातली. सुट्टीवर आले की मी वाढायची, हे जेवून हात धुवायचे. मी कवा जेवली, काय जेवली, कवा इचारलं न्हाई." त्यांनी थाळी जराशी पुढे ओढली. "आता भोपळ्याच्या अंगानं सुद्दा इचारत्यात."

तात्या परतले. सुभेदार काखेत.

"रिपोर्ट?"

काकींनी थाळीत गंभीरपणे निरखून पाहिलं. "नक्की सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "आनी एक डाव वाढा."