मोठेपण नाकारणाऱ्या फौजेची हकिकत

बालवर्गाचे दौलतीत लहान-मोठे ओळखण्याचे कामी जी धामधूम जाहली, फौजेने कैसा हट्ट धरिला, बाईंची अब्रू कैशी पणास लागली आणि अखेर सरशी कोणत्या हत्याराने जाहली, हे पुढील पिढीस ठाऊक असावे. परंतु पुढील पिढी त्या समयी चार वर्षांची असून तिजला पुढे काही आठवणार नाही, म्हणोन हा मजकूर यथास्थित लिहिला असे.

दौलत म्हणजे एक खोली. एका अंगास गुडघ्याएवढ्या खुर्च्यांची पागा, कोपऱ्यात वाळूचा हौद, आणि भिंतीशी खेळण्यांची मांडणी, तोच तोफखाना. कारभार बाई पाहत. बाई नव्या, उमेदीच्या, आणि मूल खेळता खेळताच शिकते ऐसा त्यांचा पक्का मनसुबा. त्यापायी त्यांनी घरच्या जुन्या चादरी फाडून झोळ्या शिवल्या, आणि डबे, झाकणे, खोकी उचलोन आणिली, आणि घरच्यांनी आता स्वयंपाकास एखादे भांडे ठेवशील का ऐसे पुसले, तरी हटल्या नाहीत.

ऐशास मुख्यबाईसाहेबांचे कानी गेले की, बालवर्गात दंगा उदंड आणि पाठांतर शून्य. मग हुकूम सुटला की, शुक्रवारी खाशी स्वारी मुआयन्यास, म्हणजे तपासणीस, येईल; मुलांस लहान-मोठे ओळखता आले तर उत्तम, न आले तर तोफखाना कपाटात जप्त होईल, आणि भिंतीस तक्ता लावून हत्ती मोठा, मुंगी लहान, ऐसा घोष रोज चालवावा लागेल. हत्ती त्या चिमुकल्या फौजेने कधी पाहिला नव्हता, आणि मुंगी पाहिली ती डब्यात. खेळणी गेली तर या खोलीत आपले काय काम, ऐसे बाईंस वाटले, आणि ते खरे होते.

मग बाईंनी कंबर बांधिली. एक चेंडू भोपळ्याएवढा आणि एक लिंबाएवढा, ऐसे दोघांचे हाती दिले आणि मोठा कोणापाशी, ऐसा सवाल टाकिला. ज्याचे हाती भोपळा, त्याने तो सदऱ्याखाली दडवून माझा लहान आहे ऐसा जबाब दिला, आणि पोट हे एवढे पुढे आले असताही जबाब फिरविला नाही. मग ठोकळ्यांचे बुरूज उभारविले आणि उंच कोणाचा ऐसे पुसले, तो प्रत्येकाने आपला बुरूज आपल्याच हाताने पाडिला. बुरूज गनिमाने पाडावा, तो धन्यानेच पाडिला, ऐसे कोठे ऐकिवात नाही. मग कणकेचे साप वळविले. लांब कोणाचा, ऐसे पुसताच फौज आपापले साप तोडून खाऊ लागली, आणि एक सरदार तर सबंध साप गिळोन, माझा आता नाहीच, ऐसे निश्चिंतपणे सांगता जाहला.

मुलांस फरक दिसत नाही म्हणावे, तर खाऊचे वेळी बिस्किटाचा मोठा तुकडा दाराशी उभे राहूनही त्यांस दिसत असे, आणि मुकाट्याने तोच उचलला जाई. बाई हैराण जाहल्या. या बंडाची पुढारी मिरी. खरे नाव निराळे, परंतु अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणोन मिरी हेच नाव चाले. तिजला नुकताच भाऊ जाहला होता.

मुआयन्याचे आदले दिवशी तीनचाकी सायकलीवरून रण माजले. सायकलीवर मिरी स्वार, आणि नुकताच दाखल जाहलेला, नीट बोलताही न येणारा एक शिपाई हँडल धरून भोकाड पसरून उभा. बाई धावल्या आणि सवयीने बोलून गेल्या,

"मिरी, तू मोठी आहेस ना? मग दे बरं त्याला."

"मी मोठी नाहीये."

"अगं, त्याच्यापेक्षा मोठीच आहेस की तू."

"मोठं झालं की द्यावं लागतं," मिरी सायकलीवरून उतरत म्हणाली. "बाळ आलं तेव्हा मी मोठी झाले. मग माझी उशी गेली. आईच्या शेजारची जागा पण गेली. मला नको मोठं."

बाई तेथेच गुडघ्याएवढ्या खुर्चीत बसल्या. जो मोठा त्याने द्यावे, हा कायदा घरोघरी होताच, परंतु या दौलतीत तो बाईंनीच जारी केला होता. सायकल, झोपाळा, खिडकीजवळची जागा, सर्व तंटे त्या एका कायद्याने चुटकीसरशी मिटत, म्हणोन बाईंस तो फार प्रिय. एका हाताने मोठे काय ते शिकवावयाचे, आणि मोठे म्हणताच दुसऱ्या हाताने काढून घ्यावयाचे, हा कारभार आपलाच, ऐसे उमजोन त्यांस लाज वाटली. मुलांस सर्व कळत होते. न कळले ते बाईंस.

मग तत्काळ फर्मान निघाले की, मोठे असो वा लहान, ज्याचे त्याजपाशीच राहील, आणि सायकलीची पाळी वाळूचे घड्याळ ठरवील. फौजेचा विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी पायातील चप्पल काढून मध्ये ठेविली, शेजारी मिरीची ठेविली, माझी मोठी आहे ऐसे उघड कबूल केले, आणि मग सर्वांदेखत ती परत पायात घातली. फौज टक लावून पाहत राहिली. बाईंनी चप्पल कोणास दिली नाही. मग एकेक बूट, एकेक चप्पल मैदानात उतरली, आणि लहान-मोठ्याची ऐशी झुंबड उडाली की, त्या दिवशी निम्मी फौज दोन पायांत दोन घरची पादत्राणे घालोन घरी गेली.

शुक्रवारी खाशी स्वारी आली. काखेत तक्त्याची गुंडाळी, म्हणजे निकाल आधीच ठरलेला. हत्ती मोठा की मुंगी, ऐसा सवाल जाहला. फौज गप्प. पुन्हा सवाल, पुन्हा गप्प. गुंडाळी उलगडू लागली. इतक्यात मिरी उठली, स्वारीचे पायाशी जाऊन बसली आणि म्हणाली,

"चप्पल काढा."

या साहेबांस ऐसे फर्मावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, तथापि चप्पल निघाली. मिरीने आपली तिजला लावून पाहिली.

"तुमची मोठी आहे. खूपच मोठी." मग साहेबांचा चेहरा पाहून हळूच म्हणाली, "घाबरू नका. द्यावी नाही लागणार."

मग फौजेस कंठ फुटला. मुख्यबाईंचा चष्मा मोठा, त्याहून पर्स मोठी, नाक बाईंच्या नाकाहून मोठे, ऐसे जबाब चहूकडून येऊ लागले. हे द्यावे लागण्याचे काय प्रकरण आहे, ऐसे साहेबांनी पुसले, आणि बाईंनी आडपडदा न ठेविता सर्व सांगितले. मुख्यबाई एकाच पायात चप्पल, ऐशा उभ्या होत्या.

"मी घरात थोरली," त्या म्हणाल्या, आणि दुसरी चप्पल घातली.

तक्ता गुंडाळोन परत गेला. तोफखाना जागचे जागी राहिला. दुपारी मिरीस न्यावयास आई आली, कडेवर भाऊ. मिरीने त्याचे पाऊल आपल्या तळहातावर धरून निरखिले आणि सगळ्या रस्त्यास ऐकू जाईल ऐसे जाहीर केले की, मी मोठी आहे. आईने सवयीने पुढचे वाक्य बोलावयास तोंड उघडिले, तो दारातून बाईंनी नको म्हणोन मान हलविली, आणि आईने तोंड मिटून मिरीचा हात धरिला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली आणि कोणाचेही काही काढून घेण्यात आले नाही, ऐसे लिहोन ठेविले असे.