परत येणाऱ्यास तीन स्टार

माझ्या मेंदूत बिघाड आहे, असं लेखी आहे माझ्याकडे. फोनवरच्या गेममध्ये पेट्या उघडायच्या, आत काय निघतं बघायचं, एवढाच नाद. त्यापायी चष्म्याच्या दुकानातली नोकरी गेली. एका काकूंना मी त्यांच्या सासऱ्यांच्या नंबरच्या काचा बसवून दिल्या. मालक म्हणाले, "दोन आठवड्यांनी शनिवारी चारपर्यंत बरा झाल्याचं सर्टिफिकेट आण. नाहीतर माझा भाचा तयारच बसलाय."

म्हणून व्यसनमुक्ती केंद्र. तिथल्या मॅडमनी समजावलं, "तुझ्या वयाची मुलं बक्षिसाला चटकन भुलतात. म्हणून आम्ही उपचार म्हणून बक्षिसंच देतो."

मला पटलं. बक्षीस म्हटलं की मला पटतंच.

फोनशिवाय एक दिवस, एक स्टार. तीन स्टारला एकदा बक्षिसांचं चाक फिरवायचं; त्यावर बादलीपासून मिक्सरपर्यंत सगळं. दोन आठवड्यांत माझ्या चार बादल्या झाल्या.

शेजारच्या खुर्चीवरचा दाढीवाला पाचव्यांदा बरा होत होता. म्हणाला, "येड्या, सरळ राहून काय मिळतं? नियम सहा वाच."

नियम सहा: पुन्हा नादी लागून स्वतःहून परत येणाऱ्यास प्रोत्साहनपर तीन स्टार.

"म्हणजे बिघडलं की जास्त?"

"बिघडून परत आलं की. नुसतं बिघडायला केंद्र कशाला लागतंय?"

केंद्र जोरात होतं. प्रत्येक जण चार-पाचदा बरा व्हायचा, त्यामुळे अहवालात बरे झालेले रुग्ण एकूण रुग्णांपेक्षा जास्त. मॅडमना वरून ढाल मिळाली.

मी मात्र नोकरीसाठी सरळ राहिलो. शनिवारी साडेतीनला आईसोबत सर्टिफिकेट घ्यायला गेलो. क्लार्क म्हणाला, "तीन स्टार शिल्लक आहेत. चाक फिरव, मग सही करतो."

आई म्हणाली, "पाचवी बादली आणलीस तर तुलाच तिच्यात बसवीन. मिक्सर काढ."

चाक फिरलं. मंदावलं. मिक्सरवर आलं, दम खाल्ला आणि एक खण पुढे सरकलं.

बादली.

"अगं बाई! थोडक्यात गेला की रे!" आईने क्लार्कला विचारलं, "भाऊ, अजून एकदा फिरवायचं तर?"

"तीन स्टार लागतील, मावशी. तीन दिवस थांबा, नाहीतर..." त्याने भिंतीवरच्या नियमांकडे बोट केलं. "बिघडला तर सर्टिफिकेट मात्र नाही."

आईने सहावा नियम दोनदा वाचला. मग पर्समधून स्वतःचा फोन काढून माझ्या हातात ठेवला.

"जा, बाहेर बाकावर बसून जरा खेळून ये."

"आई, चार वाजायला आलेत. मालक..."

"मालक कुठे पळून चाललाय?"

हसताय? खरं सांगा, चाक फिरत होतं तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे माझी नोकरी होती की मिक्सर?