मोहितेचा थांबलेला चमचा

माझे आजोबा बडोद्यात, विमानतळाजवळच्या हरणी भागातल्या आमच्या घरी गाठिया खात बसले होते, तेव्हा मी शेजारच्या खोलीत निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात त्यांना मारून टाकलं.

याला जबाबदार मोहितेचा चमचा.

रेवा मोहिते माझ्या वर्गात आहे. राहते नागरवाड्यात. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घराण्यातली तलवार कधीच गेली, पण वार करायची सवय रेवात उतरली आहे. आम्ही तीन-चार जण दर शुक्रवारी सयाजीगंजात सेव-उसळीच्या गाडीवर जमतो आणि एकमेकांचे निबंध दुरुस्त करतो. म्हणजे आम्ही एकमेकांचं कौतुक करतो. दुरुस्त मोहिते करते.

ती कागद हातात घेतच नाही. "वाच," म्हणते आणि मान खाली घालून उसळ खाऊ लागते. चमचा चालतोय तोवर वाक्य पास. हवेत थांबला की वाक्य मेलं.

'मावळतीच्या सूर्याने क्षितिजावर केशर सांडले' इथे तो असा थांबला की रस्सा ठिबकून ओढणीवर सांडला.

"क्षितिज कुठून दिसलं तुला?"

"आमच्या गच्चीवरून."

"गच्चीसमोर पाण्याची टाकी आहे, तूच मागे सांगितलंस. टाकी लिही. क्षितिज नै चाले."

मी टाकी लिहिली. निबंध सुधारला, हे जास्त लागलं.

'नै चाले' हा तिचा नेहमीचा शेरा. फारच आवडलं, तर 'चालसे'. हा शब्द मी तिच्या तोंडून फक्त उसळवाल्यासाठी ऐकला होता. लिहिलेलं सगळं खरंच असतं, अशी तिची श्रद्धा. खोटं लिहिणं म्हणजे उसळीवर कालची सेव घालणं.

कॉलेजच्या निबंधस्पर्धेसाठी मी 'आमचं घर' लिहिला. त्यात आजोबा आले. ते रेल्वेतून निवृत्त झालेत आणि दुखरा गुडघा घेऊन गच्चीत चढून विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना हात करतात. एखादं उशिरा आलं की खूश होतात. "बघ, यांचंही लेट! आम्हालाच शिव्या घालायचे."

हा भाग वाचला आणि चमचा थांबला.

"काय चुकलं?"

"काही नाही. पुढे वाच."

पुढच्या शुक्रवारी त्याच जागी पुन्हा थांबला. त्याच्याही पुढच्या. उसळ गार झाली, पण शेरा नाही. मी ओळखलं, आजोबा कच्चे पडतायत. त्यांना वजन हवं. निबंध द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी लिहिलं, 'परवा आजोबा गेले. विमानं मात्र येतच राहिली.' स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. मोहितेला फोनवर पाठवलं. तिने वाचलं, पण उत्तर नाही. म्हटलं, आज चमचा पार खाली पडला असणार!

संध्याकाळी बेल वाजली. दार आजोबांनी उघडलं. बाहेर मोहिते, पांढरा ड्रेस, पांढरी ओढणी. बडोद्यात आपली मराठी माणसंही बेसण्याला, म्हणजे कुणी गेल्यावर भेटायला, अशीच जातात.

"ये बेटा. कोण गेलं?" आजोबांनी हळू विचारलं.

मोहितेने त्यांच्याकडे पाहिलं. मग मागे हाफपँटमध्ये उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही," ती म्हणाली, आणि उंबऱ्यातच रडायला लागली.

आजोबांनी तिला आत घेतलं, माझ्याकडून निबंधाची कबुली काढली आणि तिच्या पुढ्यात गाठिया ठेवले. "आता आलीच आहेस तर वाच. मी कसा गेलो ते कळू दे."

"पण याच भागावर तुझा चमचा थांबायचा!" मी म्हणालो.

"मी ऐकत होते, गाढवा." तिने नाक पुसलं. "आजोबा, तुमचा गुडघा कसाय? आणि सकाळचं विमान हल्ली वेळेवर येतं का?"

आजोबा चकित झाले. घरात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. गुडघा तर मी फक्त निबंधापुरता वापरला होता.

"तुझ्या घरी कोण कोण असतं गं?" त्यांनी तिला विचारलं.

"बाबा. पण त्यांची शिफ्ट असते. आम्ही एकमेकांसाठी जेवण झाकून ठेवतो." मग गाठियाकडे बघत म्हणाली, "शुक्रवारी मात्र तुमचं काय चाललंय ते कळायचं."

मला बोलण्यासारखं एक वाक्य सुचलं होतं, पण त्यात क्षितिज होतं.

मोहितेने शेवटचा परिच्छेद वगळून अख्खा निबंध आजोबांना वाचून दाखवला. या वेळी ती वाचत होती आणि गाठिया आजोबांच्या हातात थांबला होता. संपल्यावर ती म्हणाली, "चालसे."

माझी छाती फुगली. इतक्यात वरून विमान गेलं. दोघं गच्चीकडे निघाले. आजोबांनी गुडघ्यामुळे तिचा खांदा धरला होता. जिन्यात ते वळले.

"बरा लिहिलायस रे. पण कुणाला काढायचंच होतं तर मला कशाला मारलंस? मधेमधे तू येतोस, तेवढं काढ."